‘पूर्णपणे सहमत’वर टिक केली म्हणजे उद्योजक झाला? क्रीडाविज्ञानातल्या करिअर-संशोधनाबद्दल थोडं

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय. या टप्प्यावर असलेल्या मुलांचा मला नेहमी येणारा प्रश्न एकच: ‘दादा, विषय सुचवा ना.’ शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञानातली मुलं बऱ्याचदा विषय आधीच ठरवून आलेली असतात, आणि त्यातला एक विषय मी इतक्यांदा ऐकलाय की आता पाठ झालाय: ‘अमुक विद्यापीठातील क्रीडाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या उद्योजकता अभिवृत्तीचा व करिअर सज्जतेचा अभ्यास.’

विषय वाईट नाही. खरं सांगायचं तर मीही जवळपास याच विषयावर सिनॉप्सिस लिहिला होता. म्हणून आज या प्रकारच्या संशोधनाकडे जरा चिकित्सक नजरेनं बघूया. त्यात काय चांगलं आहे, कुठे पाय घसरतो, आणि तुम्ही हाच विषय घेणार असाल तर काय वेगळं करता येईल, एवढं सांगायचंय.

हे पेपर साधारण कसे असतात?

साचा ठरलेला असतो. पहिल्या परिच्छेदात क्रीडा उद्योग किती वाढतोय ते येतं. दुसऱ्यात सरकारी नोकऱ्या कमी आहेत, म्हणून मुलांनी नोकरी मागणारे नव्हे तर देणारे व्हावं, हे वाक्य येतं. मग पाच बिंदूंची प्रश्नावली, एक-दोन महाविद्यालयांतला सोयीचा नमुना, सरासरी, प्रमाण विचलन, टी-चाचणी. क्रोनबाख अल्फा ०.७ च्या वर आला की आपण पेढे वाटायचेच बाकी ठेवतो. निष्कर्ष असा: विद्यार्थ्यांचा उद्योजकतेकडे कल आहे, पण कौशल्यं कमी आहेत, म्हणून अभ्यासक्रमात उद्योजकतेचा विषय घालावा.

आता जरा थांबा आणि शेवटचं वाक्य परत वाचा. प्रश्नावली होती अभिवृत्तीची. अभ्यासक्रमाचं मोजमाप कुठेच केलं नव्हतं. मग अभ्यासक्रमाबद्दलची शिफारस आली कुठून? ती मनात आधीपासूनच होती. आकडे नंतर आले.

मूळ कुठलं आहे?

बहुतेक प्रश्नावल्यांच्या मुळाशी आइसेक आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत आहे. त्यांचा १९९१ चा लेख या क्षेत्रात सर्रास वापरला जातो. मांडणी सोपी आहे. माणूस एखादी गोष्ट करण्याचा हेतू धरतो तो तीन गोष्टींवरून: त्या गोष्टीबद्दल त्याला काय वाटतं, जवळच्या माणसांना काय वाटेल असं त्याला वाटतं, आणि ते आपल्याला जमेल असं त्याला किती वाटतं. हेतूवरून पुढे वर्तनाचा अंदाज बांधायचा.

२००९ मध्ये फ्रान्सिस्को लिन्यान आणि यी-वेन चेन यांनी याच मांडणीवर उद्योजकीय हेतू मोजणारी प्रश्नावली तयार केली आणि ती स्पेन आणि तैवान या दोन अगदी वेगळ्या समाजांत तपासली. काम काळजीपूर्वक केलेलं आहे. तुमच्या हाती येणारी ‘स्वनिर्मित’ प्रश्नावली बऱ्याचदा हिचंच भाषांतराचं भाषांतर असते. एवढंच की मूळ लेखकांनी जी तपासणी दोन देशांत केली, ती आपण मराठीत आणल्यावर करत नाही. तज्ज्ञ म्हणून विभागातल्या दोन सरांची सही घेतो आणि पुढे जातो.

अल्फाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अल्फा म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच. ते योग्य गोष्ट मोजतात का, हा सप्रमाणतेचा प्रश्न, तो वेगळा. वजनकाटा रोज पाव किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, बरोबर नाही.

पहिली अडचण: हेतू आणि कृती

आपल्या सगळ्यांना पहाटे उठून अभ्यास करायचा असतो. हा हेतू खोटा नसतो, पण गजर बंद करणारा हातही आपलाच असतो. पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये हेतू आणि वर्तन यांच्या संबंधावरच्या आधीच्या विश्लेषणांचा एकत्र आढावा घेतला. त्यात हेतूवरून वर्तनातल्या फरकाचा सरासरी २८ टक्के भाग स्पष्ट होतो असं दिसलं. सामाजिक शास्त्रात हा आकडा कमी नाही. पण उरलेला मोठा भाग हेतूच्या बाहेर राहतो, हेही तितकंच खरं. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत व्यायाम, तपासणी, सवयी अशी वर्तनं होती. व्यवसाय सुरू करायला त्याहून कितीतरी जास्त गोष्टी जुळून याव्या लागतात. जागा, पैसा, परवाना, घरच्यांचा होकार, आणि पहिल्या महिन्यात फी देणारी दहा मुलं.

म्हणजे ‘मला स्वतःची अकॅडमी काढायची आहे’ यावर पाच गुण मिळाले, तर तुम्ही फार तर एवढं म्हणू शकता की त्या दिवशी, त्या वर्गात त्याला तसं वाटत होतं. ‘करिअर सज्जता उच्च आहे’ हे वाक्य त्यातून निघत नाही.

दुसरी अडचण: आधी-नंतर, पण कुणाशी तुलना?

‘आठ आठवड्यांची उद्योजकता कार्यशाळा घेतली, पूर्वचाचणी-उत्तरचाचणी केली, फरक लक्षणीय आला.’ असे पेपर वाचताना मी आधी नियंत्रित गट शोधतो. बऱ्याचदा तो नसतो. मग वाढ कार्यशाळेमुळे झाली, परीक्षा संपल्यामुळे झाली, की ज्यांना आवड होती तेच शेवटपर्यंत बसले म्हणून झाली, हे कळायला काही मार्ग राहत नाही.

हे नीट कसं करता येतं ते बघायचं असेल तर ओस्टरबेक आणि सहकाऱ्यांचा २०१० चा लेख जरूर वाचा. नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचे दोन परिसर होते. विद्यार्थ्यांची छोटी कंपनी चालवण्याचा कार्यक्रम एका परिसरात होता, दुसऱ्यात नव्हता. दोन्हीकडच्या बदलांची तुलना केली. निकाल असा की विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलेल्या उद्योजकीय कौशल्यांवर ठळक परिणाम नाही, आणि उद्योजक होण्याच्या हेतूवर परिणाम चक्क उलटा. हेतू कमी झाला.

त्याच वर्षी फॉन ग्रेव्हेनिट्झ, हारहॉफ आणि वेबर यांनी म्युनिकमधल्या एका सक्तीच्या अभ्यासक्रमाचा अभ्यास छापला. तिथेही हेतू काहीसा घसरला. पण त्यांनी त्याचा लावलेला अर्थ मला फार मोलाचा वाटतो: अभ्यासक्रमातून विद्यार्थ्यांना आपण या कामासाठी आहोत की नाही याचा अंदाज आला. कुणाला कळलं की हे आपलं काम नव्हे. कुणाची खात्री पटली. मग हेतू कमी होणं हे अपयश म्हणायचं की यश? कर्ज काढून जिम टाकण्याआधी एखाद्याला हे कळलं, तर त्या अभ्यासक्रमानं त्याचे काही लाख वाचवले.

आपल्याकडच्या परिकल्पना मात्र एकाच दिशेनं धावतात. ‘कार्यशाळेमुळे हेतू वाढेल.’ कमी झाला तर आपण घाबरतो, गाईडना फोन करतो.

२०१४ मध्ये बे आणि सहकाऱ्यांनी ७३ अभ्यास एकत्र करून, ३७ हजारांहून जास्त सहभागींच्या माहितीवर विश्लेषण केलं. उद्योजकता शिक्षण आणि उद्योजकीय हेतू यांत छोटासा धन सहसंबंध दिसला. पण शिक्षणाआधीचा हेतू हिशेबात धरला की तो लक्षणीय राहिला नाही. म्हणजे ज्यांना आधीच आवड होती, त्यांच्यामुळेच आकडा वर दिसत असण्याची शक्यता आहे.

या अभ्यासांनाही मर्यादा आहेत, त्या लपवायच्या नाहीत. डच आणि जर्मन विद्यार्थी क्रीडाविज्ञानाचे नव्हते. कार्यक्रम संपता संपता घेतलेली मोजणी दहा वर्षांनंतरचं काही सांगत नाही. म्हणून ‘उद्योजकता शिकवून उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढू नका. एवढंच शिका की ‘उपयोग आहे’ हे दाखवायला आपण समजतो त्यापेक्षा बरंच जास्त काम लागतं.

तिसरी अडचण: उद्योजक म्हणजे कोण?

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

माझ्या पायलटला एका ग्रामीण महाविद्यालयात गेलो होतो. फॉर्म वाटले. विभागप्रमुख दारातच उभे होते, त्यामुळे काही मुलांनी सरळ सगळीकडे पाच केले. ते मला तेव्हाच कळलं. मला कळायला वेळ लागला तो दुसरा फॉर्म. एका मुलाचे गुण अगदी खाली होते. ‘धोका पत्करायला मला आवडते’: एक. ‘उद्योजक होणे हे माझे ध्येय आहे’: दोन. आउटलायर म्हणून काढून टाकायच्या बेतात होतो. पण त्या दिवशी एसटीची वाट बघताना तोच मुलगा भेटला.

गप्पांत कळलं की तो दोन मित्रांबरोबर गावाबाहेरच्या गायरानावर पोलीस भरतीची तयारी करून घेतो. पहाटे पाचला १६०० मीटर, मग गोळाफेक, मग कॉलेज. पोरं तालुक्याच्या गावांतून येतात. फी कुणी महिन्याला देतो, कुणी सोयाबीन विकल्यावर. चुना मारून ट्रॅक यानेच आखलेला. मी विचारलं, ‘अरे, मग धोक्याच्या प्रश्नाला एक का केलंस?’

तो म्हणाला, ‘दादा, वडिलांवर सोसायटीचं कर्ज आहे. मी कशाला धोका पत्करू? हे तर नोकरी लागेपर्यंत चाललंय.’ मग जरा थांबून, ‘तुमचा फॉर्म भरून ग्राउंड मिळणार का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्गात प्रत्यक्ष उद्योग चालवणारा, माझ्या माहितीप्रमाणे, तो एकटाच होता आणि माझ्या मापनश्रेणीवर तो सगळ्यात ‘मागे’ होता. त्या रात्री मी प्रश्नावली परत काढून बसलो. त्यात गिऱ्हाईक, उधारी, जागा, हंगाम यातलं काहीच नव्हतं. आवड, ध्येय, स्वप्न, धोका एवढंच होतं.

नंतर वाचताना कळलं की मला जो धक्का बसला तो नवा नव्हता. ग्लोबल आंत्रप्रनरशिप मॉनिटर या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणानं या शतकाच्या सुरुवातीपासूनच गरजेपोटी उद्योग करणारे आणि संधी पाहून करणारे असा फरक केलेला आहे. आपल्या क्रीडाविज्ञानाच्या प्रश्नावल्यांत तो क्वचित दिसतो. व्हनेसा रॅटन यांनी २०११ मध्ये क्रीडाधारित उद्योजकतेची वेगळी सैद्धांतिक मांडणी असावी असं म्हटलं, आणि खेळातली उद्योजकता फक्त नफ्याच्या कंपनीपुरती नाही, खेळाडू, संघ, समुदाय अशा अनेक पातळ्यांवर ती घडते, हा मुद्दा पुढे आणला. तो मला पटतो. माझी तक्रार पुढची आहे. या मांडणीचा आधार घेणारे पेपर उदाहरणं देताना मात्र लीग, ब्रँड आणि मोठे स्टार्टअप यांच्याकडेच वळतात. गायरानावरचा ट्रॅक, सोसायटीच्या क्लबहाउसमधला पार्टटाइम ट्रेनर, उन्हाळी शिबिरावर वर्ष काढणारा जलतरण प्रशिक्षक, हे लोक आपल्या परिशिष्टातसुद्धा येत नाहीत.

चौथी अडचण: सज्ज कोण नाही?

‘करिअर सज्जता’ या शब्दातच एक गृहीत धरलेलं आहे: करिअर तिकडे तयार आहे, कमी आहे ती विद्यार्थ्यात. ब्राउन, हेस्केथ आणि विल्यम्स यांनी २००३ मध्ये रोजगारक्षमतेच्या कल्पनेवर नेमकी हीच टीका केली. रोजगारक्षमता ही फक्त माणसाच्या अंगात असलेली गोष्ट नाही. बाजारात जागा किती, आणि त्या जागेसाठी रांगेत तुमच्या पुढे कोण, यावरही ती ठरते. मॅकक्वेड आणि लिंडसे यांनी २००५ मध्ये तिचे तीन भाग केले: व्यक्तीचे गुण, व्यक्तीची परिस्थिती, आणि बाहेरची परिस्थिती. आपण पहिला भाग मोजतो आणि निष्कर्ष तिन्हींचा काढतो.

आपल्या विषयात बाहेरची परिस्थिती म्हणजे काय, याचं एक ठोस उदाहरण देतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळांसाठी, विद्यार्थी शंभरावर असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलंय. अंशकालीन हा शब्द नीट वाचा. कायद्यानं ठरवलेली किमान अपेक्षाच जर अर्धवेळ माणसाची असेल, तर दोन वर्षांचा बी.पी.एड. करून बाहेर पडणाऱ्या मुलाची ‘सज्जता’ प्रश्नावलीवर कितीही वाढवली, तरी पूर्णवेळ पदांची संख्या त्यानं वाढणार नाही.

मला या संशोधनातली सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच. पदं कमी, मैदानं कमी, आणि आपला प्रबंध सांगतो की विद्यार्थ्यांत उद्योजकीय मानसिकतेचा अभाव आहे. तो मुलगा उद्या हा प्रबंध वाचेल तर त्याला काय वाटेल? आणि असे प्रबंध नुसते ग्रंथालयात पडून राहत नाहीत. अभ्यासमंडळ, नॅकचा अहवाल, नवा अभ्यासक्रम, सगळीकडे ‘संशोधनातून दिसून आले आहे की’ म्हणून ते वापरले जाऊ शकतात.

मग करायचं काय?

विषय सोडू नका. अरुंद करा. माझ्या चुकीतून मी जे बदललं ते सांगतो.

एक, वाटण्याबरोबर केलेलंही विचारा. गेल्या वर्षभरात खेळ शिकवून पैसे मिळवले का? जागेसाठी कुणाशी बोललात? फीची नोंद ठेवता का? या प्रश्नांची उत्तरं हो-नाहीत येतात आणि दारात उभे असलेले सर त्यात फारसा फरक पाडू शकत नाहीत.

दोन, बाहेर पडलेल्यांना शोधा. तीन ते पाच वर्षांपूर्वीच्या बॅचची यादी मिळवा. मिळवणं अवघड आहे, माहितीय. पण किती जणांशी संपर्क झाला आणि किती जणांशी नाही, हे दोन्ही लिहा. जे फोन उचलत नाहीत त्यांची कहाणी बहुधा फोन उचलणाऱ्यांपेक्षा वेगळी असते.

तीन, तुलना शोधा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आलंय. आधीची बॅच आणि नंतरची बॅच ही आयती तुलना आहे. परिपूर्ण नाही, कारण मधल्या काळात इतरही बरंच बदललं, पण एका गटाच्या आधी-नंतरपेक्षा नक्कीच बरी. ओजेटीत खरंच काय झालं तेही बघा. काही ठिकाणी मुलं जिममध्ये काम शिकतात, काही ठिकाणी प्रमाणपत्रावर शिक्का येतो.

चार, अभ्यासक्रमाबद्दल बोलायचं असेल तर अभ्यासक्रम वाचा. उद्योजकतेला किती श्रेयांक, कोण शिकवतं, परीक्षेत काय विचारतात. ही कागदपत्रं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट असतात. आम्ही कोर्सवर्कमध्ये आशय विश्लेषण शिकतो आणि मग कधीच वापरत नाही.

पाच, आउटलायर काढण्याआधी त्याला भेटा. प्रत्येक वेळी एसटी स्टँडवर गाठ पडणार नाही, म्हणून मुलाखतीची सोय आराखड्यातच ठेवा.

प्रश्नावली फेकून द्या असं मी म्हणत नाही. माझ्या आराखड्यात ती अजून आहे, पण पानं कमी झालीत आणि तिच्या जोडीला मुलाखती आल्यात. शीर्षकही बदललं. आता त्यात ‘अभिवृत्ती’ नाही. एका जिल्ह्यातल्या बी.पी.एड. पदवीधरांनी पदवीनंतरच्या पाच वर्षांत खेळातून उत्पन्न कसं मिळवलं, एवढंच आहे. आरआरसीत एका सदस्यांनी विचारलं, ‘हे फारच छोटं नाही का होत?’ मी म्हटलं, ‘सर, मोठं करून बघितलं होतं.’ ते हसले. पण मान्यता मिळाली.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या संदर्भसूचीतला या विषयावरचा कुठलाही एक पेपर घ्या आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदातल्या प्रत्येक शिफारशीसमोर पेन्सिलनं लिहा की ती कोणत्या तक्त्यावरून आली. ज्या शिफारशीसमोर तक्त्याचा क्रमांक लिहिता येणार नाही तिच्याभोवती गोल करा. मग तेच स्वतःच्या सिनॉप्सिसला करा. मी केलं तेव्हा माझ्या सात शिफारशींपैकी पाचांभोवती गोल पडले होते.